झारेकऱ्याचं यंत्र

सीप्झमध्ये काम करणाऱ्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. अंधेरीचा हा झोन १९७३ साली इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी सुरू झाला. नावातच इलेक्ट्रॉनिक्स आहे. १९८७-८८ च्या सुमारास तिथे दागिन्यांचे कारखाने आले आणि मागाहून आमच्यासारखे सॉफ्टवेअरवाले. त्यामुळे दुपारी टपरीवर चहा प्यायला दोन जातीची माणसं जमतात. आमच्या बॅगा आत जाताना तपासतात. त्यांची मात्र बाहेर पडताना तपासणी होते, आणि कसून होते. कारण त्यांचा 'डेटा' चपलेच्या तळव्याला चिकटून गेटाबाहेर जाऊ शकतो.

दागिना घडवताना कानस चालते, करवत चालते, पॉलिश होतं. प्रत्येक वेळी थोडं सोनं उडतं. मोठे कारखाने ते सोडत नाहीत. टेबलाखाली ट्रे, पॉलिशच्या चाकामागे धूळ ओढणारा पंखा, हात धुतलेलं पाणी वेगळ्या टाकीत, फरशी पुसलेलं पाणीसुद्धा टाकीत. जुने झाडू, फडकी, हातमोजे सगळं जाळून राख गाळायला जाते. आमच्या हपिसात प्रिंटरचा कागद कुणी मोजत नाही, तिथे केरसुणीचा हिशेब असतो!

आता जरा आकडेमोड. (घाबरू नका, नववीची आहे.) २०२५ साली दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेला. हिशेबाला सोपं म्हणून लाख धरू. म्हणजे एक ग्रॅमला दहा हजार, एक मिलिग्रॅमला दहा रुपये. सोन्याची घनता १९.३. पन्नास मायक्रॉनचा एक चौकोनी कण घेतला, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही थोडा कमीच, तर त्याचं वजन येतं साधारण २.४ मायक्रोग्रॅम. किंमत अडीच पैशांच्या आसपास. डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या कणाला किंमत आहे, आणि असे चारशे-सव्वाचारशे कण गोळा केले की दहा रुपये. आपण रस्त्यावर पडलेला रुपया उचलत नाही. पण हा धंदा मुंबईत पिढ्यान् पिढ्या चाललेला आहे.

तो चालतो झवेरी बाजारात. मुंबादेवीच्या अवतीभवती, काळबादेवी-भुलेश्वरच्या चाळींमध्ये एकेका खोलीत चार-सहा कारागीर बसतात, त्यातले बरेचसे बंगालचे. सीप्झसारखा धूळ ओढणारा पंखा तिथे नाही. सोनं कपड्यांवर बसतं, केसात अडकतं, मोरीतून वाहून जातं, जिन्यावर सांडतं आणि शेवटी रस्त्यावर येतं. मग दुकानं उघडायच्या आत ब्रश आणि घमेलं घेऊन माणसं येतात. पदपथाच्या फटी, पायऱ्यांचे कोपरे, गटाराची तोंडं खरवडतात आणि ती माती घमेल्यात धुतात. तिथे त्यांना घमेलेवाले म्हणतात. हिंदीत न्यारिया, गुजरातीत धूळधोया, आणि मराठीत जुना, छान शब्द आहे, झारेकरी. हल्ली कुणाला विचारलं तर झारा माहीत असतो, झारेकरी नाही.

मराठी माणसाचं या उद्योगाशी नातं आपल्याला वाटतं त्याहून जास्त आहे. विदर्भात सोनझारी म्हणून लोक आहेत, नदीच्या वाळूतून सोनं धुणारे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड या नोंदीखाली 'सोनझारी झारेका' हे नाव आजही छापलेलं आहे. दुसऱ्या टोकाला सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले. दुष्काळी भाग, शेतीवर भागेना, म्हणून माणसं गाव सोडून निघाली आणि देशभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली. तमिळनाडू-केरळमधल्या एखाद्या गावात सराफाच्या गल्लीत मराठी बोलणं ऐकू आलं तर तो बहुतेक गलाईवाला असतो. आयटीवाल्यांच्या कितीतरी आधी हे लोक 'ऑनसाइट' होते.

असो. मुद्दा यंत्राचा आहे.

सोनं मातीतून वेगळं करायची सगळी कला एका आकड्यावर उभी आहे. वाळूची घनता २.६५, सोन्याची १९.३. पाण्यात दोन्ही सोडले की सोनं आधी तळाला जातं. वाटतं तेवढं हे सोपं मात्र नाही. कण बारीक झाला की स्टोक्सचा नियम लागू होतो आणि बुडण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. आकार निम्मा झाला तर वेग पावपट. हिशेब केला तर तीस मायक्रॉनचं सोनं आणि शंभर मायक्रॉनची वाळू पाण्यात जवळजवळ एकाच वेगाने खाली जातात, सेकंदाला नऊ मिलिमीटर. म्हणजे पाण्याला दोघांतला फरकच कळत नाही. दहा मायक्रॉनचं सोनं सेकंदाला एक मिलिमीटर जातं, घमेलं जरा जोरात हललं की ते पाण्याबरोबर बाहेर. त्यात कानशीतून निघालेला कण गोल नसतो, पापुद्र्यासारखा असतो, तो आणखी रेंगाळतो. आणि कारागिराच्या हाताचं तेल लागलं असेल तर एवढा जड धातू चक्क पाण्यावर तरंगतो! त्यावर उपाय म्हणजे भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं यंत्र कुठलं, तर चाळणी. एकाच मापाचे कण आधी वेगळे करा, मग धुवा. शंभरच्या वरचे वेगळे, पन्नास ते शंभर वेगळे, त्याखालचे वेगळे. एका गटात वाळूचा सगळ्यात मोठा कण सोन्याच्या सगळ्यात लहान कणाच्या तिप्पट व्हायच्या आत ठेवला की पाणी परत आपल्या बाजूने काम करायला लागतं. इंटरनेटवर अमेरिकेतले रिटायर्ड आजोबा नदीकाठी यंत्रं लावून सोनं काढतानाचे व्हिडिओ शेकड्याने आहेत, त्यातले निम्मे चाळणीवर दोन वाक्यांत बोलून थेट चकचकीत भागाकडे जातात. आपल्याकडच्या प्रोजेक्ट प्रेझेंटेशनसारखंच.

घमेलेवाल्यापुढची अडचण अशी की हाताने तो मोठे कण सुंदर वेगळे करतो. ते मनगटाचं कसब आहे आणि मला नाही वाटत कुठलं स्वस्त यंत्र त्यापेक्षा फार सरस ठरेल. बारीक कण मात्र हातून निसटतात. ते पकडायला पूर्वापार एकच युक्ती, पारा. पारा सोन्याला धरतो, मातीला धरत नाही. पाऱ्याचा गोळा फडक्यातून पिळायचा आणि उरलेला तापवायचा. ३५७ अंशाला पारा उकळून उडून जातो, सोनं राहतं. हे 'उडून जातो' कुठे? त्याच दहा बाय दहाच्या खोलीत. वास नाही, रंग नाही. भिंतीवर, कपड्यांवर बसतो, परत हळूहळू हवेत येतो. मेंदू आणि मूत्रपिंडं खातो, आणि सगळ्यात जास्त त्रास पोटातल्या आणि रांगत्या मुलांना. नायट्रिक ॲसिड, म्हणजे बाजारातलं तेजाब, त्याचा तांबडा धूर निदान नाकाला झोंबतो, माणूस दार तरी उघडतो.

पाऱ्याविरुद्ध जगभर करार झालेला आहे. मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला आणि भारताने २०१८ मध्ये तो मंजूर केला. जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के पारा एकट्या छोट्या सोनेखाणींतून जातो, असं संयुक्त राष्ट्रसंघाचा २०१८ चा अंदाज सांगतो. त्यामुळे करारात छोट्या खाणींसाठी वेगळं कलम आहे. पण त्या कलमाची व्याख्या 'खनिजातून' सोनं काढणाऱ्यांची आहे. भुलेश्वरच्या जिन्यावरची धूळ म्हणजे खनिज नव्हे. त्यामुळे आपला झारेकरी खाणमजूरही नाही, कारखानदारही नाही आणि भंगारवालाही नाही. कुठल्याच फॉर्ममध्ये त्याच्या नावाचा चौकोन नाही.

तर मला जे हवं आहे ते असं. पाण्याची एकच बादली, तेच पाणी फिरून फिरून वापरायचं. वीज नको, बारा व्होल्टची सात अँपियर-अवरची बॅटरी, यूपीएसमध्ये असते ती, वजन दोन किलोच्या वर थोडं. गाडीच्या वायपरची मोटर. मत्स्यालयाचा असतो तसला छोटा पंप. नागमोडी खाचांची तिरकी थाळी, जी हळू फिरते, वरून पाण्याची धार माती खाली ढकलते आणि जड कण खाचेतून वर वर चढत मधल्या भोकातून मागच्या डबीत पडतात. तीन चाळण्या, एक लोहचुंबक (कानशीचं लोखंड आधी काढायला), ॲल्युमिनियमची घडी होणारी चौकट. माझ्या कागदावर हे सगळं सात किलोच्या आत बसतं. पाठीवरच्या सॅकमध्ये जाईल एवढं.

थाळीला न जुमानणाऱ्या कणांसाठी फिरता वाडगा. दहा सेंटिमीटर त्रिज्येचा वाडगा मिनिटाला सहाशे फेऱ्यांनी फिरवला तर काठाशी गुरुत्वाकर्षणाच्या चाळीसपट जोर येतो. मघाचा सेकंदाला एक मिलिमीटरवाला कण आता सेकंदाला चार सेंटिमीटर जाईल. मूळची कॅनडातली नेल्सन नावाची मोठी यंत्रं याच तत्त्वावर चालतात. फरक एवढाच की त्यात वाडग्याच्या भिंतीला भोकं असतात आणि मागून पाणी आत येत राहतं. नाहीतर वाळूचा थर घट्ट बसतो आणि सोन्याला शिरायला जागाच उरत नाही. घरी ड्रिल मशीनला स्टीलचा वाडगा लावणाऱ्यांना हाच भाग जमत नाही.

चाचणीसाठी सोनं लागत नाही, हेही सांगून टाकतो. टंगस्टनची घनता जवळजवळ तितकीच, १९.२५. त्याची भुकटी मोजून मातीत मिसळायची आणि किती परत आली ते वजन करायचं. आमच्या मुलुंडच्या बाल्कनीत दोन कुंड्यांच्या मध्ये हा उद्योग मांडला तेव्हा आईने फक्त एवढंच विचारलं, "इंजिनिअरिंग करून आता गटारातलं सोनं काढणार का?" प्रश्न टोमण्याचा असला तरी नीट बघितला तर खरा आहे. कोण काढणार आणि कोणाच्या खिशात जाणार?

कारण इथे एक पेच आहे, आणि तो यंत्राने सुटत नाही. शुद्ध इंजिनिअरिंगच्या नजरेने बघितलं तर गळती जिथे होते तिथेच बंद करावी. प्रत्येक कारागिराच्या पाटाखाली ट्रे द्या, मोरीखाली तीन कप्प्यांची छोटी टाकी द्या, संपलं. रस्त्यावर सोनं येणारच नाही. सीप्झने तेच केलं. खर्चही फार नाही. पण मग झारेकऱ्याचं काय? ज्याला आपण गळती म्हणतो ती त्याची रोजची भाकरी आहे. आमच्या क्षेत्रात असली कामं रोज होतात. प्रोसेस सुधारते, एक रकाना हिरवा होतो आणि त्या रकान्यावर जगणारी चार माणसं रिपोर्टमध्ये कुठेच नसतात. तरी मी गळतीच्या बाजूने बोलणार नाही. गटाराच्या तोंडाशी उकिडवं बसून गाळ खरवडणं ही परंपरा म्हणून जपायची गोष्ट नव्हे. मॅनहोलमध्ये उतरून गाळ काढायला मदत होईल असं काहीही मला बनवायचं नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवून सफाई करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सोन्यासाठी उतरला म्हणून गटारातला वायू त्याला सोडणार नाही.

माझ्या मते उत्तर हलक्या वजनातच आहे, पण कारण वेगळं. आज कारखान्यातला केर विकला जातो तो अंदाजाने. घेणाऱ्याला माहीत नाही आत किती सोनं आहे. विकणाऱ्यालाही माहीत नाही, पण आपण फसतोय असा संशय दोघांनाही असतो. त्यामुळे घेणारा भाव पाडतो, मालक केर साठवून ठेवतो, आणि शेवटी फायदा होतो तो मधल्या ठेकेदाराचा, कारण त्याच्याकडे वाट बघायला पैसे असतात. केर मालकाच्या डोळ्यांसमोरून हलला की विश्वास संपला.

आता समजा झारेकरी सॅक पाठीला लावून तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत गेला. त्या चाळींचे जिने बघितलेत ना? वीस किलोचं यंत्र तिथे चढणार नाही. त्याने मालकासमोर चाळलं, समोर धुतलं, डबीतला माल समोर काट्यावर ठेवला आणि ठरलेला हिस्सा घेतला. अंदाज नाही, संशय नाही. मोठे कारखाने सल्लागाराला बोलावून हेच करून घेतात, त्याला 'सेवा' म्हणतात आणि बिल लावतात. झारेकरी रस्त्यावर बसतो म्हणून त्याचं काम कचरावेचणी ठरतं. तेच काम खोलीत, यंत्रासह, मालकासमोर केलं की तो कारागिरांतलाच एक होतो. आणि हे फक्त झवेरी बाजारापुरतं नाही. मुलुंडच्या आरआरटी रोडवर, घाटकोपरला एमजी रोडवर, बोरिवलीच्या एलटी रोडवर सराफांच्या मागच्या खोलीत दुरुस्तीचं काम करणारा एखादा कारागीर असतोच. त्याचा केर एवढा थोडा की त्यासाठी कुणी काळबादेवीहून येत नाही. सॅकवाला महिन्यातून एकदा येऊ शकतो.

डबीतला माल पुढे कुठे जाणार हा प्रश्न उरतो. तो पुरेसा श्रीमंत असेल तर पारा लागत नाही, टाकणखार घालून मुशीत थेट वितळवता येतो. फिलिपिन्सच्या बेंगेट प्रांतात छोटे खाणवाले अनेक वर्षं असंच करतात. आपल्याकडे तर टाकणखार प्रत्येक सोनाराच्या पाटावर असतो. वितळलेली गुंजभर गोळी तपासायलाही आता अडचण नाही. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्किंग सक्तीचं झाल्यावर शहरात तपासणी केंद्रं आहेत, तिथे एक्सआरएफ यंत्र काही मिनिटांत टंच सांगतं. म्हणजे ज्या टप्प्यावर झारेकरी सगळ्यात जास्त फसतो, तिथे यंत्र आधीच हजर आहे, फक्त त्याला तिथल्या काउंटरवर कुणी उभं केलं पाहिजे.

यातून सगळं मिळेल असा दावा मी करत नाही. पॉलिशच्या चाकावरचं सोनं काही मायक्रॉनचं असतं आणि मेणात रुतलेलं असतं. ते धुऊन निघणार नाही, ते रिफायनरीकडेच जायला हवं. फडकी आणि ब्रश जाळावे लागतात आणि तो धूर रस्त्यावर नको, धुरांड्यांवरून त्या भागातले रहिवासी आणि महापालिका यांची लढाई आधीच जुनी आहे. सात किलोची सॅक तिथे काही करू शकत नाही.

पण दरवर्षी मुंबई विद्यापीठातून बाहेर पडणारे मेकॅनिकलचे शेकडो ग्रुप फायनल इयरला काय बनवतात? आमच्या कॉलेजात काळ्या रेषेवर चालणारा रोबो होता. दर वर्षी तोच रोबो, फक्त रेषेचा रंग बदलायचा. पवईला आयआयटीत १९८५ पासून 'सितारा' नावाचं केंद्र आहे, ग्रामीण भागासाठी सोयीचं तंत्रज्ञान हा त्यांचा विषय. झवेरी बाजार ग्रामीण नाही हे मान्य, पण पत्ता सोडला तर बाकी सगळ्या अटी त्याच आहेत: वीज कमी, पाणी कमी, पैसे कमी आणि वापरणारा माणूस आपल्यापेक्षा हुशार. या शेवटच्या अटीवर मी अडून बसेन. थाळीचा कोन किती, धार किती, हे त्याच्याकडून शिकून ठरवायचं. त्याला मॅन्युअल द्यायला जाऊ नये.

आणि यंत्र त्याच्या मालकीचं असलं पाहिजे. भाड्याने नको, ठेकेदाराच्या नावावर नको. भाड्याची रिक्षा चालवणाऱ्याला विचारा, दिवसाच्या पहिल्या किती फेऱ्या मालकासाठी असतात. म्हणूनच किमतीची मर्यादा वजनाच्या मर्यादेइतकीच कडक हवी, सुटे भाग कुर्ल्याच्या भंगारात आणि लॅमिंग्टन रोडवर मिळतील असेच हवेत. कार्बन फायबर वगैरे सुचवणाऱ्या मित्रांना मी नम्रपणे चहा पाजून परत पाठवलं आहे.

सध्या अडकलंय ते डबीवर. मालकाला खात्री हवी की धुताना डबीत कुणी हात घातला नाही, म्हणून पारदर्शक झाकण आणि दोन कुलपं, एक किल्ली त्याच्याकडे, एक झारेकऱ्याकडे. पण झाकण घट्ट केलं की आत हवा अडकते आणि पाणी मागे ढकललं जातं. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो तीनने सीप्झहून थेट काळबादेवीला जाता येतं, मधे गाडी बदलायची नाही. येत्या शनिवारी तिथे जाऊन कारागिरांचे लॉकरवाले डबे बघणार आहे. त्यांनी हवेचं काय केलंय, ते उघडून दाखवायला कुणी तयार झालं तर बरं.